साडूभाऊंचं आभारप्रदर्शन

उद्या काहीतरी विपरीत घडणार आहे असं जगातल्या सगळ्याच माणसांना अधूनमधून वाटतं. पण ते आपल्याच घराचा पत्ता विचारत निघालेलं आहे आणि बहुधा सकाळच्या चहाच्या आत दारात येऊन उभं राहणार आहे, अशी बारा महिने खात्री बाळगून असलेला माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. मी जळगावला मेहरूणमध्ये राहतो आणि एका शाळेत मराठी शिकवतो. साडूभाऊ धुळ्याचे. मध्ये पुरेसं अंतर आहे, असं माझं लग्न ठरताना मला वाटलं होतं. पण साडूभाऊंची सारी हयात धुळ्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंगच्या टेबलावर गेलेली. फोनच्या लाइनी खराब होत्या त्या काळात इंदूर आणि सुरतेकडच्या ड्रायव्हरांशी बोलून बोलून त्यांचा आवाज जो चढला, तो पुढे लाइनी सुधारल्या तरी उतरला नाही. 'कोणाला सांगू नका' म्हणून ते जे सांगतात ते निदान पुढच्या चौकापर्यंत जातं. त्यांचा फोन आला की मी तो कानाला लावत नाही, टेबलावर ठेवतो, आणि आमची ही स्वयंपाकघरातून उत्तरं देते.

त्यांच्या काळजीला विषय लागत नाही. नळाला पाणी येणार नाही म्हणून ते आदल्या दिवशी घरातली सगळी भांडी भरून ठेवतात, आणि मग स्वयंपाकाला रिकामं भांडं मिळत नाही. चाळीसगावहून मुंबईची गाडी पकडायची असली, की उशीर होईल या धास्तीने ते आधीच्या गाडीच्या वेळेलाच फलाटावर हजर होतात. मग ती आधीची गाडी डोळ्यांदेखत सुटताना बघून, आपली गाडी चुकल्यासारखे हळहळतात. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का एकदा मला म्हणाली, "यांना काळजी नसली ना, की हे तीच काळजी करत बसतात, की आपल्याला काळजी कशी नाही." त्यामुळे जेव्हा काळजी करण्यासारखं खरोखरच काही घडलं, तेव्हा आम्ही कोणी ते फारसं मनावर घेतलं नाही.

घडलं ते असं. कंपनीचे मूळ मालक राजस्थानातून पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या घराण्यातले. शेठजी थकले, मुलांना दुसरे धंदे सापडले, आणि त्यांनी ती कंपनी बाहेरच्या एका बड्या कंपनीला देऊन टाकली. गल्ल्यावरचा लक्ष्मीचा फोटो तसाच राहिला, पण नवा मॅनेजर आला आणि यापुढे वरच्या ऑफिसशी बोलणं इंग्रजीतून होईल असं त्याने जाहीर केलं. साडूभाऊंनी त्याच दिवशी इंग्रजी शिकण्याचं पुस्तक आणलं आणि त्याच आठवड्यात ते रद्दीत दिलं. "मास्तर," ते मला फोनवर म्हणाले, आणि टेबलावरचा माझा चष्मा हलला, "त्यात काय, तर हे मांजर आहे, ही चटई आहे. मांजर आणि चटई सांगून मला कोण पगार देणार हो?" मग त्यांना मोबाइलवर ती व्याख्यानं सापडली.

कामधंद्याचं पुढे काय होणार, या एकाच विषयावर जगभरची हुशार माणसं इंग्रजीत बोलत असतात हा साडूभाऊंना साक्षात्कारच होता. जन्मभर ज्या गोष्टीला ते भ्यायले होते तिच्यावर अधिकारी माणसं कोट घालून, रंगमंचावर येरझारा घालत, दुजोरा देत होती. त्यांनी ठरवलं की इंग्रजी शिकायचं ते यांच्याच तोंडून. "भीतीही समजेल आणि भाषाही समजेल," ते म्हणाले. "एका तिकिटात दोन्ही." रोज सकाळी ते पांझरेच्या काठाने फिरायला निघत. मोबाइल शर्टाच्या खिशात, आवाज पूर्ण, आणि वक्ता जो शब्द बोलेल तो त्याच्यामागून स्वतःच्या आवाजात. नदीकाठाने 'डिसरप्शन!' अशी आरोळी आली, की फिरायला आलेली मंडळी बाजूला होत. ती कोणाला तरी दिलेली तंबी आहे असंच त्यांना वाटे. ऐकलेला शब्द दिवसभरात वापरला नाही तर तो मुरत नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यामुळे घरातला जुना मिक्सर ऑब्सोलीट झाला, सासूबाईंना फोनवरून पैसे पाठवायला शिकवणं हे रीस्किलिंग झालं, आणि रोज दारावर येणाऱ्या भाजीवाल्या मावशींना 'तुमचं बिझनेस मॉडेल धोक्यात आहे' असं इतक्या वेळा सांगून झालं की त्या बाईंनी ती गल्लीच सोडली. पुढे अक्काला कोथिंबिरीसाठी चौकापर्यंत जावं लागे.

शब्दाचा अर्थ मात्र ते आपल्या पद्धतीने असा पक्का करत की शब्दकोशाने लाजावं. 'व्हॉलंटरी सेपरेशन' हा शब्द त्यांनी मला आमच्या घरी, जेवताना समजावून सांगितला होता. "म्हणजे असं, मास्तर," भाकरीचा तुकडा हवेत धरून ते म्हणाले, "ढकलायचं त्यांनी, आणि लिहून द्यायचं आपण, की आम्ही स्वतःहून उडी मारली." मी हसलो. ते हसले नाहीत. तो तुकडा त्यांनी तसाच ताटात ठेवला.

या इंग्रजीचे ताप आम्हा नातेवाइकांना पुष्कळ झाले. अक्काच्या पुतणीला बघायला नशिराबादची मंडळी आली होती. मुलगा चांगला, बँकेत काउंटरवर. मुलगी पसंत, पत्रिका जुळलेली, पोहे झाले होते आणि दोन्हीकडची माणसं आता तारखेचं बोलावं या बेताने एकमेकांकडे बघत होती. तेवढ्यात साडूभाऊंनी मुलाच्या वडिलांना अत्यंत आस्थेने विचारलं, "नाना, सगळं ठीक आहे, पण तुमच्या चिरंजीवांची जागा ऑटोमेशनमध्ये जाणारी आहे त्याचं काय ठरवलंय?" नानांनी चहाचा कप खाली ठेवला. पुढचा अर्धा तास 'जाणारी' म्हणजे उद्या नव्हे, आणि गेलीच तरी मुलगा हुशार आहे, हे मुलीकडच्यांनीच मुलाकडच्यांना पटवत बसायची वेळ आली. लग्न झालं. पण नाना अजून साडूभाऊ दिसले की रस्ता बदलतात.

एकदा ते जळगावला आले असताना मी त्यांना घ्यायला स्टँडवर गेलो. तिथे एक गोरं जोडपं अजिंठ्याची बस शोधत होतं. साडूभाऊंचे डोळे चमकले. इतक्या दिवसांच्या तपश्चर्येनंतर देव स्वतः पाठीवर पिशवी अडकवून उभा होता. बाईने विचारलं, बस कुठून सुटते? साडूभाऊ छाती काढून म्हणाले, "मॅडम, द फ्युचर ऑफ मोबिलिटी इज शेअर्ड." बाईने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने तोच प्रश्न सावकाश विचारला. साडूभाऊ म्हणाले, "सर, यू मस्ट बी ॲजाइल." अखेर त्यांनी त्या माणसाची बॅग उचलली, मला बाईंची उचलायला लावली, आणि दोघांना नेऊन बसमध्ये बसवलं. कंडक्टरला मराठीत अशी ताकीद दिली की अख्ख्या स्टँडला कळावं, हे पाहुणे लेण्यांपाशी उतरणार आहेत. बस दिसेनाशी होईपर्यंत ते हात हलवत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, त्या भाषणांत डावीकडं-उजवीकडं येतच नाही हो कुठं. त्यात नुसतं पुढं असतं."

गंमत आम्ही करायचो, पण हळूहळू त्या घरात गेलं की गंमत सुचेनाशी झाली. साडूभाऊ बारीक झाले. कंपनीने एका गोदामातून माल घ्यायचं बंद केलं, मग फोनवरचं निम्मं बुकिंग परस्पर कुठल्याशा ॲपवर जाऊ लागलं. ज्या टेबलावर दिवसभर तीन-तीन फोन वाजायचे तिथे ते नुसते फोनकडे बघत बसतात, असं मला अक्काने सांगितलं. धाकटीचं शिक्षण व्हायचं होतं, निवृत्तीला वर्षं होती, आणि त्या वयात दुसरीकडे कोण घेणार? "तुम्ही तरी समजावा," अक्का म्हणाली. काय समजावणार? मी कविता शिकवतो.

आणि अशात, ऐन थंडीत, त्यांचा फोन आला. आवाज पूर्वीसारखा. "मास्तर, रजा टाका! वरचे साहेब धुळ्याला येणार आहेत. सगळ्या स्टाफपुढे भाषण आहे. आभार मी मानणार, इंग्रजीतून. तुम्ही येऊन मोबाइलवर शूटिंग करायचं. आणि येताना भरताची वांगी आणा, धुळ्यात तुमच्यासारखी मिळत नाहीत." मी चांगली पोतंभर वांगी घेऊन पोहोचलो. साडूभाऊ नव्या कोटात होते. मला बाजूला घेऊन ते पुटपुटले, म्हणजे चार माणसांनी वळून पाहिलं: "मॅनेजर म्हणाला, माझी जागा पक्की. इथे इंग्रजी येणारा एक माणूस ठेवायचा आहे, तो मी. अक्काला सांगितलं. ती देवापुढे रडली हो." मी त्यांचा हात धरला. खोटं कशाला सांगू, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

गोदामाच्या आवारात मंडप घातला होता. मागे कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या. पहिल्या रांगेत गोदामाचे आबा बसले होते. आबा म्हणजे तिथले सगळ्यांत जुने हमाल, पुढे गोदाम सांभाळणारे. आता आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम सूचना आणि अनुमोदनाशिवाय सुरू होत नाही. अध्यक्ष खुर्चीत बसून पान खात असले, तरी त्यांनी अध्यक्ष व्हावं अशी सूचना एकाने मांडावी लागते आणि दुसऱ्याने उठून तिला अनुमोदन द्यावं लागतं. त्या कंपनीत हा अनुमोदनाचा मान वर्षानुवर्षं आबांचा. गणपती असो, सत्यनारायण असो की कोणाचा निरोप समारंभ असो, आबा टोपी सारखी करून उठत आणि साऱ्या कर्मचारी बांधवांच्या वतीने अनुमोदन देत. आयुष्यभर पोती वाहिलेल्या माणसाला तेवढ्यापुरतं भाषण करायला मिळे, आणि ते कोणी त्यांच्याकडून कधी काढून घेतलं नाही.

साहेबांना शाल, श्रीफळ आणि टोपी दिली गेली. साहेब तरुण होते, हसतमुख होते, आणि फार गोड इंग्रजी बोलत होते. मला इंग्रजी येतं, म्हणजे पेपरातलं येतं. मला 'फॅमिली' ऐकू आलं, 'जर्नी' आलं, 'प्राउड' आलं, आणि मी मोबाइल धरून मान डोलवत होतो. लोक टाळ्या वाजवत होते. आबा शेजारच्याला म्हणाले, "माले काही समजत नही, पन मानूस गोड बोलस." मग साहेबांच्या तोंडून तो शब्द आला. व्हॉलंटरी सेपरेशन. माझी मान डोलायची थांबली. मी साडूभाऊंकडे बघितलं. ते मंचाच्या कडेला, आभाराच्या तयारीने उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. नदीकाठी जसा वक्त्याच्या मागून एकेक शब्द म्हणत, तसाच ते साहेबांच्या मागून एकेक शब्द म्हणत होते, फक्त आवाज नव्हता. त्या सबंध मंडपात साहेबांचं भाषण ज्याला अक्षरन् अक्षर कळत होतं असा तो एकच माणूस होता, कारण त्याला दुसरं कुठलं इंग्रजी येतच नव्हतं.

साहेब बसले. मॅनेजर उठून मराठीत एवढंच म्हणाला, "साहेबांनी आपल्या सगळ्यांच्या भविष्याची काळजी घेतली आहे. जेवणाआधी तिकडच्या टेबलावर कागद आहेत, त्यावर सह्या करून घ्या." आणि तेवढ्यात आबा टोपी सारखी करून उठले. त्यांना वाटलं, सूचना झाली. स्पष्ट आवाजात ते म्हणाले, "आदरणीय साहेबांनी जे मांडलं, त्याला मी सर्व कर्मचारी बांधवांच्या वतीने अनुमोदन देतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी आबांना हात जोडले. मॅनेजरने टेबलावरचे कागद सारखे केले, आणि माईकवर साडूभाऊंचं नाव पुकारलं.

ते माईकपाशी आले. मी शूटिंग करत होतो. "रिस्पेक्टेड सर," ते म्हणाले, आणि थांबले. टाळ्या झाल्या. मॅनेजर हसून त्यांच्याकडे बघत होता. मला माझ्या साडूचा स्वभाव ठाऊक होता. रिकामं भांडं सापडू नये इतकं पाणी भरणारा माणूस तो. मी मनात म्हणत होतो, भाऊ, आभार माना आणि खाली या, अक्का घरी वाट बघतेय. आणि मनातच असंही म्हणत होतो की नको, नका मानू. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. पहिल्या रांगेत आबा कौतुकाने त्यांच्याकडे बघत होते.

"भाऊस्वन," साडूभाऊ अहिराणीत म्हणाले, आणि तो आवाज चढवायला त्यांना माईकची गरज नव्हती. "साहेब जे बोलनात ते माले समजनं. बठ्ठं समजनं. हाई गोदाम बंद व्हई राह्यनं. त्या कागदवर लिखेल शे, की आपन आपली मरजीनं काम सोडी राह्यनूत. सही करू नका. आधी एखादा वकीलले दखाडा, मंग काय ते ठरावा." मागे जाळावर एक वांगं फुटल्याचा आवाज आला. मग ते आबांकडे वळले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "आबा, तुम्हनं अनुमोदन परत ल्या."

अनुमोदन परत घेतल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही. आबांनीही ऐकलेलं नसावं. ते उठले, गोंधळून टोपी काढली, पुन्हा घातली, साहेबांकडे पाहिलं, मग साडूभाऊंकडे पाहिलं. "तू सांगस ना? मंग लेस," ते म्हणाले. "मन्हं अनुमोदन मी परत लेस." आणि टोपी मांडीवर ठेवून ते खाली बसले.

साहेबांना एवढंच कळलं की काहीतरी बिनसलं आहे. त्यांनी साडूभाऊंना इंग्रजीत विचारलं, तुम्ही त्यांना काय सांगितलंत? साडूभाऊंनी शब्द शोधला. त्यांच्याजवळ साठा मोठा होता, पण त्यात असल्या प्रसंगाला चालेल असं फारसं काही नव्हतं. अखेर त्यांना एक सापडला. "ट्रान्सपरन्सी, सर," ते म्हणाले आणि माईक सोडून खाली आले.

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. पुढे वकील झाला, बैठका झाल्या, जुने शेठजी काठी टेकत मध्ये पडले, आणि लोकांना जे मिळायला हवं होतं त्यातलं बरंचसं मिळालं. पण गोदाम वाचलं नाही. ते वाचणारच नव्हतं. आणि साडूभाऊंची पक्की झालेली जागा त्याच संध्याकाळी गेली.

मध्यंतरी मी धुळ्याला गेलो होतो. आबा साडूभाऊंच्या ओट्यावर बसले होते. ते आता रोज येतात, चहा घेतात आणि दुपारपर्यंत बसतात. ते गेल्यावर मी साडूभाऊंना विचारलं, भाऊ, तुम्हाला तर ठेवणार होते, मग का? त्यांनी आबांची कपबशी उचलून बाजूला ठेवली. "मास्तर, मी इतकी भाषणं ऐकली," ते म्हणाले. "त्यात वर्कफोर्स होता, टॅलेंट होतं, ह्यूमन कॅपिटल होतं. आबा कुठंच नव्हते हो. आणि त्या दिवशी बघतो तर पहिल्या रांगेत." आतून अक्का म्हणाली, "यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, पण आधी मला विचारायचं तरी," आणि तिने भांड्यांचा जरा जास्तच आवाज केला. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला आणि त्याच्या घराची फार काळजी वाटली. दोन्ही एकदम वाटलं.

संध्याकाळी ते मला स्टँडवर सोडायला आले. बस लागली होती. मी खिडकीशी बसलो, ते खाली उभे. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग माझ्याकडे न बघता, शेजारच्या बसची पाटी वाचत असल्यासारखे, त्यांनी विचारलं, "तुमच्या शाळेत एखादी शिपायाची जागा निघते का हो?" हे त्यांनी इतकं हळू विचारलं की मला खिडकीतून वाकावं लागलं. आमच्या शाळेत जागा निघून वर्षं झाली आहेत, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

"बघतो," मी म्हटलं.

"घाई नाही," साडूभाऊ म्हणाले.